गडद, स्ट्रॉंग बिअर घरी मुरवायची कशी

बहुतेक बिअर ताजीच प्यायची असते. पिल्सनर, गव्हाची बिअर, कडवट सुगंधी आयपीए यांची चव बाटली भरली त्या दिवशी सगळ्यात चांगली असते, नंतर ती फक्त उतरत जाते. वर्षभर जपून ठेवलेली आयपीए ही वाया घालवलेली आयपीए. मात्र काही मोजक्या बिअर अंधारात आणि गारव्यात वर्ष-दोन वर्षं ठेवल्या की त्यांच्यातला उग्रपणा निवतो आणि मनुका, अंजीर, खजूर, टॉफी, जुन्या शेरी वाइनसारख्या चवी वर येतात. त्या सगळ्या जवळपास एकाच घराण्यातल्या आहेत: जास्त अल्कोहोलच्या, भरपूर माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) आणि बहुधा गडद रंगाच्या.

हा प्रकार नवा नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत मुलगा जन्मला की कडक एल (उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) बनवून पिंपात ठेवायची आणि तो २१ वर्षांचा झाला की उघडायची, अशी रीत होती. १९०२ साली राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते सुरुवात करून बास कंपनीने बनवलेल्या ‘किंग्ज एल’च्या बाटल्या शंभर वर्षांनंतरही चाखल्या गेल्या आहेत. १९६८ साली डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप कंपनीने ‘थॉमस हार्डीज एल’ काढली, तेव्हा ती २५ वर्षं टिकेल असा त्यांचा दावा होता. असले आकडे वाचून घरच्या कपाटातली प्रत्येक काळी बाटली दहा वर्षं ठेवावीशी वाटते. तसं करू नका. बऱ्याच बाटल्यांचा बहर पहिल्या तीन-चार वर्षांतच येऊन जातो.

बाटलीत नेमकं काय चालतं

मुरणं आणि शिळं होणं या दोन वेगळ्या क्रिया नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं बसवायला हवं. रसायन तेच असतं. हलक्या लागरमध्ये (थंडीत आंबवलेल्या बिअरमध्ये) ते ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, तर भक्कम बार्लीवाइनमध्ये (नाव वाइनचं, पण ही कडक एलच) त्याला टेकायला माल्टची गोडी, भाजकेपणा आणि अल्कोहोल असल्यामुळे ते शेरीसारखं लागतं. त्यामुळे घरी आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात. हे रसायन संथ ठेवायचं, आणि ते रुचकर वळणावर असतानाच बाटली उघडायची.

सगळ्यात आधी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं, मागे सरतात. त्यांचा फुलांचा, लिंबाच्या सालीचा सुगंध काही महिन्यांतच विरतो. कडवटपणा येतो आयसो-अल्फा आम्लांमुळे. ही आम्लंही मोडत जातात आणि त्यांच्या सिस आणि ट्रान्स या दोन रूपांपैकी ट्रान्स आधी संपतं. ताजेपणी जीभ आवळणारी बार्लीवाइन दोन वर्षांनी गोड वाटू लागते ती यामुळेच. साखर वाढलेली नसते, तिला तोलणारा कडवटपणा घटलेला असतो.

दुसरा बदल फळांच्या वासात होतो. यीस्टने (साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्मजीवाने) तयार केलेलं आयसोअमाइल ॲसिटेट, म्हणजे केळ्याचा वास, हळूहळू तुटतं. त्याच वेळी आम्लं आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून दुसरी, जड धाटणीची एस्टर (फळांसारख्या वासाची द्रव्यं) बनत जातात. बीटा-डॅमॅसेनोन नावाचं एक द्रव्यही वाढतं आणि शिजवलेल्या सफरचंदाची, काळ्या बेरीची झाक देतं. ताज्या फळाची जागा सुकामेवा घेतो, तो असा.

तिसरा खेळाडू ऑक्सिजन. भरताना बाटलीच्या मानेत राहिलेला आणि पुढे झाकणाच्या अस्तरातून सूक्ष्म प्रमाणात झिरपणारा ऑक्सिजन अल्कोहोल, माल्टमधली द्रव्यं आणि हॉप्सची आम्लं या सगळ्यांशी झटापट करतो. त्यातून निघणाऱ्या ॲल्डिहाइडपैकी ट्रान्स-२-नोनेनल म्हणजे तोच पुठ्ठा, बेंझाल्डिहाइड म्हणजे बदाम आणि फिनाइलॲसिटाल्डिहाइड म्हणजे मध. जुन्या बिअरमध्ये सोटोलॉनही सापडतं. मेथीदाण्याच्या वासामागे हेच द्रव्य आहे आणि शेरी, मदेरा या वाइनमधला जुनेपणाही बऱ्याच अंशी त्याचाच. गडद माल्टमधली मेलॅनॉइडिन (भाजण्यातून तयार होणारी तपकिरी द्रव्यं) हा ऑक्सिजन काही प्रमाणात अंगावर घेतात, शिवाय भाजक्या चवीखाली पुठ्ठ्याचा वास दबून जातो. गडद बिअर मुरण्यात उजवी ठरते ती या दोन्ही कारणांनी.

चौथं, तुरटपणा. धान्याच्या टरफलांतली आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्यं एकमेकांना आणि प्रथिनांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. स्टाउटचा, म्हणजे भाजक्या धान्याच्या काळ्या बिअरचा, कोळशासारखा खरखरीतपणा जाऊन चॉकलेटसारखा गुळगुळीतपणा येतो, त्यामागे हे आहे.

शेवटी यीस्ट. बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर सुरुवातीला ते मानेतला ऑक्सिजन खाऊन बिअर वाचवतं. नंतर उपासमारीने त्याच्या पेशी फुटतात आणि आतला माल बिअरमध्ये सांडतो. थोडा सांडला तर चवीला भरीवपणा येतो, जास्त सांडला तर सोया सॉस. पेशींतून सुटणारं प्रोटीनेझ हे विकर फेस धरणारी प्रथिनंही तोडतं, म्हणून जुन्या बिअरचा फेस फार टिकत नाही.

आणि अल्कोहोल? ते आहे तेवढंच राहतं. ११ टक्क्यांची बिअर पाच वर्षांनीही ११ टक्क्यांचीच असते. घशाला होणारी जळजळ तेवढी कमी जाणवते, कारण भोवतालच्या चवी गोलसर झालेल्या असतात. अंदाज घेताना हे विसरायला नको.

कोणती ठेवायची, कोणती लगेच प्यायची

ढोबळ कसोटी अशी: अल्कोहोल ८ टक्के किंवा जास्त, अंगाने जड, आणि चव मुख्यतः माल्टवर उभी. इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन, ओल्ड एल, बाल्टिक पोर्टर, बेल्जियन क्वाड्रुपेल, डॉपेलबॉक आणि आइसबॉक ही मुख्य मंडळी. सुरुवात करायला ओळखीची नावं हवी असतील तर रॉशफोर १० (११.३ टक्के), वेस्टव्लेटेरेन १२ (१०.२ टक्के), निळ्या लेबलची शिमे (९ टक्के), ६ डिसेंबरलाच बनवली जाणारी सामिक्लाउस (१४ टक्के), आणि १९९७ पासून दरवर्षी निघणारी फुलर्स व्हिंटेज एल (८.५ टक्के) बघा. शिमेच्या लेबलवर वर्ष छापलेलं असतं आणि फुलर्सच्या बाटलीवरही. घरी हिशेब ठेवणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

बाटलीवर ‘बॉटल कंडिशन्ड’ लिहिलेलं असेल, म्हणजे आत जिवंत यीस्ट असेल, तर झुकतं माप तिला द्यावं. गाळलेली आणि पाश्चराइज केलेली बिअरही मुरते, पण तिच्यात ऑक्सिजन खाणारं कोणी नसतं. बाटली भरताना कारखान्याने किती काळजी घेतली यावरच सगळं येऊन ठेपतं. ॲल्युमिनियमच्या कॅनबद्दल उगाच नाक मुरडलं जातं. उजेड आणि ऑक्सिजन अडवण्यात कॅन काचेच्या पुढे आहे, म्हणून त्यातला बदल संथ होतो एवढंच.

फसवणाऱ्या बाटल्याही आहेत. कॉफी घातलेली स्टाउट कितीही कडक असली तरी ठेवू नका. कॉफीचा सुगंध काही महिन्यांत जातो आणि त्या जागी हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा वास येऊ शकतो. व्हॅनिला, नारळ, दालचिनी, फळांचे गर घातलेल्या गोड स्टाउटचंही तसंच: आपण पैसे मोजलेले असतात त्या वासासाठी आणि आधी जातो तोच. मिरचीच्या बिअरमध्ये सुगंध उडतो आणि तिखट मागे राहतं. व्हिस्कीच्या पिंपात मुरलेल्या बिअरने कारखान्यातच बराच ऑक्सिजन पचवलेला असतो. ती विकायला येते तेव्हा बनवणाऱ्याच्या मते तयारच असते. एक बाटली वर्ष-दोन वर्षं ठेवून बघा, पण तिच्यावर फार आशा लावू नका. डबल आणि ट्रिपल आयपीएमध्ये अल्कोहोल पुरेसं असतं, तरी त्यांचा सगळा डोलारा हॉप्सवर असल्यामुळे त्या या यादीत बसत नाहीत.

८ टक्क्यांच्या नियमाला अपवाद जंगली यीस्टचे. ऑर्व्हाल अवघी ६.२ टक्क्यांची आहे, गडदही नाही, तरी वर्षागणिक बदलत जाते, कारण तिच्यात ब्रेटॅनोमायसिस यीस्ट घातलेलं असतं आणि ते बाटलीत संथपणे काम करत राहतं. हे यीस्ट १९०४ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या नील्स हेल्टे क्लाउसेन यांनी जगापुढे मांडलं, तेही मुरवलेल्या इंग्लिश बिअरचा अभ्यास करताना. नावाचा अर्थच ‘ब्रिटिश बुरशी’.

तापमान: सगळ्यात जास्त लक्ष इथे

आदर्श १० ते १३ अंश सेल्सिअस. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांनी साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. १३ अंशांची बाटली ३३ अंशांवर नेली की वेग चौपट ते नऊपट. मग चार वर्षांचं मुरणं एका वर्षात उरकेल का? उरकणार नाही, कारण प्रत्येक क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाही. उष्णतेत पुठ्ठ्याचा वास आणि यीस्टच्या पेशी फुटणं पुढे धावतं, सुक्या फळांची नाजूक चव मागे राहते. बिअरच्या धंद्यात एक जुना आडाखा सांगतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस या तिन्हींनी बिअरचं सारखंच नुकसान होतं. आडाखा हलक्या बिअरसाठीचा आहे आणि ढोबळ आहे, पण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिलेल्या बाटलीचं काय झालं असेल ते त्यावरून कळतं.

घरातली जागा निवडताना अंदाजावर जाऊ नका, मोजा. ७५० मिलीच्या बाटलीत पाणी भरा, त्यात डिजिटल थर्मामीटरची तार सोडा आणि वर्षातल्या सगळ्यात गरम आठवड्यात ती ठरवलेल्या जागी ठेवून द्या. सकाळी आणि दुपारी उशिरा, रोज दोन नोंदी, ७ ते १० दिवस. खोलीतल्या हवेचं तापमान बघून उपयोग नाही. हवा पटकन तापते आणि पटकन निवते, द्रव सावकाश बदलतो, आणि आपल्याला काळजी द्रवाची.

आकडे हाती आले की निर्णय सोपा होतो. पाण्याचं तापमान वर्षभर १५ अंशांच्या आत राहत असेल तर निर्धास्तपणे पुढे दिलेल्या पूर्ण मुदतींचा बेत करा. १५ ते २० मध्ये असेल तर त्या मुदती निम्म्या धरा. २० ते २४ मध्ये सहा महिने ते वर्ष, त्याहून जास्त नको. कायम २५ च्या वर असेल तर खोलीत ठेवणं सोडाच. तिथे बिअर मुरत नाही, शिजते. तापमान एक-दोन अंशांनी वर-खाली झाल्याने फारसं बिघडत नाही. दिवसाला दहा अंशांचे हेलकावे मात्र टाळा, कारण त्याने द्रव आणि वायू फुगतात-आकसतात आणि बुचाच्या बाटल्या कडेने पाझरू लागतात.

थंड जागा नसेल तर लहान फ्रिज हाच खरा उपाय. साधा फ्रिज ३-४ अंशांवर चालतो. तिथे बिअर खराब होत नाही, पण मुरणं जवळजवळ थिजतं. म्हणून फ्रिजचा प्लग बाहेरच्या तापमान नियंत्रकात लावा. नियंत्रक १२ अंशांवर, फरक १ अंशाचा आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीचा विराम ५ ते १० मिनिटांचा ठेवा; विराम न दिल्यास कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होऊन लवकर मरतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. मघाच्याच पाण्याच्या बाटलीत बुडवा किंवा एखाद्या बाटलीला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा. आतला दिवा काढून टाका. ओल साठून लेबलं बुरसटू लागली तर ओलावा शोषणारी सिलिकाची डबी ठेवा आणि महिन्याने बदला.

उजेड आणि बाटलीची बैठक

उजेडाने बिघडलेल्या बिअरचा वास उग्र आणि कुबट असतो. हॉप्सची आम्लं आणि रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) यांच्यावर साधारण ३५० ते ५०० नॅनोमीटरचा प्रकाश पडला की एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं, आणि ते एका लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच बरंच अडवते. हिरवी आणि पारदर्शक काच जवळपास काहीच अडवत नाही. एलईडी दिवाही निर्दोष नाही, कारण त्याचा निळा भाग याच पट्ट्यात येतो. उपाय अगदी साधा आहे: बंद पुठ्ठ्याचं खोकं.

बाटल्या उभ्या ठेवा. आडव्या बाटलीत बिअरचा मानेतल्या हवेशी येणारा संपर्क वाढतो आणि गाळ कडेला लांबट चिकटून बसतो, मग ओतताना सगळा पेल्यात येतो. बुचाच्या बाटल्यांबाबत मतभेद आहेत. आमचं मत त्याही उभ्याच ठेवाव्यात असं आहे. बाटलीच्या मानेत आतून पुरेशी ओल असतेच, बाहेरून ५० ते ७० टक्के आर्द्रता असली म्हणजे बूच वाळत नाही. झाकणावर मेण ओतल्याने ऑक्सिजन थोडा कमी होतो, थांबत नाही. रंग, पेट्रोल, डांबरगोळ्या यांच्या शेजारी बाटल्या ठेवू नका.

किती घ्यायच्या आणि नोंद कशी ठेवायची

एकच बाटली घेऊन पाच वर्षं ठेवली तर उघडताना कळतं ते एवढंच, की आज ती कशी आहे. तिचा बहर आला होता का, येऊन गेला का, यातलं काहीही कळत नाही. एका बिअरच्या किमान चार, जमल्यास सहा बाटल्या एकाच बॅचच्या घ्या. पहिली आठवडाभरात उघडा. ताजी चव माहीत नसेल तर पुढच्या बदलाला मापच राहत नाही. मग एक सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि पुढे दरवर्षी एक.

दोन बाटल्यांमध्ये जो फरक जाणवेल त्यावर पुढचं ठरवायचं. मागच्यापेक्षा सरस लागली तर थांबा. तेवढीच चांगली लागली तर उरलेल्या येत्या सहा महिन्यांत उघडायला घ्या. पातळ वाटली, शेवटी कागदाची झाक आली किंवा सोया सॉस डोकावला, तर उरलेल्या सगळ्या लगेच. इथे चुका होतात त्या बहुतेक करून लोभाने होतात. वर्षभर लवकर उघडलेली बाटली तरीही चांगली बिअर देते. वर्षभर उशीर झालेली देईलच असं नाही.

मानेवर कागदी चिकटपट्टी लावून नाव, अल्कोहोल, बाटली भरल्याची तारीख आणि घरी आणल्याची तारीख लिहा. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख म्हणजे भरल्याची तारीख नव्हे. वहीत प्रत्येक चाखणीला गोडी, कडवटपणा, भाजकेपणा, सुकी फळं, पुठ्ठा, सोया आणि वायू या सात गोष्टींना ० ते ५ गुण द्या. वर्णनात्मक वाक्यं वर्षभराने निरर्थक वाटतात, आकडे बोलतात.

१० ते १३ अंशांवर कुणाला किती काळ

इम्पीरियल स्टाउट पहिले तीन-चार महिने अंगावर येते: भाजकेपणा, हॉप्स, अल्कोहोल सगळे वेगवेगळे बोलत असतात. सहा ते बारा महिन्यांत ते एकत्र येतात आणि चॉकलेट पुढे होतं. एक ते तीन वर्षांत मनुका, अंजीर, पोर्ट वाइनची छटा. चौथ्या वर्षानंतर शेरी आणि सोया यांची चढाओढ सुरू होते आणि अंग पातळ होऊ लागतं. ८-९ टक्क्यांची असेल तर दोन वर्षांवर थांबा, १२ च्या पुढची असेल तर आणखी वाट पाहायला हरकत नाही.

बार्लीवाइन या सगळ्यांत दीर्घायुषी. इंग्लिश धाटणीची दोन ते आठ वर्षं सहज रंगते. अमेरिकन धाटणीची, म्हणजे सिएरा नेवाडाच्या बिगफुटसारखी (९.६ टक्के), ताजेपणी जवळजवळ वेगळीच बिअर असते; तिचे हॉप्स उतरायलाच दीड-दोन वर्षं लागतात आणि मधल्या काळात ती ना धड ताजी, ना धड मुरलेली अशी लागते. त्या टप्प्यावर निराश होऊन उरलेल्या संपवू नका. क्वाड्रुपेलला दोन ते पाच वर्षं, बाल्टिक पोर्टर आणि डॉपेलबॉकला एक ते तीन. आइसबॉक आणि सामिक्लाउससारख्या १२ टक्क्यांच्या वरच्या लागर दहा वर्षांपर्यंतही जातात.

बिघडलं तर कारण कसं ओळखायचं

ओला पुठ्ठा, जुनं वर्तमानपत्र: उष्णता किंवा भरताना शिरलेला ऑक्सिजन. सहा बाटल्यांपैकी एकीतच असेल तर झाकण सैल होतं. सगळ्यांत असेल तर तुमची जागा गरम आहे. सोया सॉस, मांसाचा रस्सा: यीस्टच्या पेशी फुटल्या, म्हणजे मुदत टळली किंवा उकाडा झाला. दह्यासारखा आंबटपणा: लॅक्टिक जिवाणू, ते कारखान्यातूनच आलेले असतात आणि तुमचा त्यात दोष नाही. व्हिनेगर: जिवाणू आणि ऑक्सिजन दोन्ही, बहुधा गळकं बूच. अंग एकदम पातळ आणि वायू जास्त: रानटी यीस्टने उरलेली साखर खाल्ली. वायू गेला पण चव ठीक: फक्त झाकण पाझरलं, अशी बिअर निःशंक प्या.

आंबलेली किंवा पुठ्ठ्यासारखी बिअर बेचव असते, धोकादायक सहसा नसते. अल्कोहोल, हॉप्स, ४ ते ४.५ च्या आसपासचा पीएच आणि ऑक्सिजनची वानवा यांमुळे रोगजंतूंना तिच्यात वाढता येत नाही. धोका असतो दाबाचा. एक बाटली उघडताच कारंज्यासारखी उसळली, तर त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये न्या, पूर्ण दिवस गार करा आणि मोरीवर, तोंड दूर ठेवून उघडा.

स्वतः बनवलेली असेल तर

घरी बनवलेल्या बिअरला आरंभीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०९५ ते १.११० आणि अंतिम १.०२५ ते १.०३० अशी धरा, १.१०० वरून १.०२६ वर आली की अल्कोहोल सुमारे ९.७ टक्के भरतं. तीन-चार आठवड्यांनी ती जाड यीस्टच्या थरावरून काढून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरा. प्लॅस्टिकच्या बादलीतून ऑक्सिजन आत येतो, तिथे महिन्याच्या वर ठेवू नका. एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतलं) पाणी आटतं, दर पंधरा दिवसांनी बघा. हे विसरल्यामुळे सहा महिन्यांची मेहनत व्हिनेगर होते.

तीन महिन्यांहून जास्त मुरलेल्या बिअरमध्ये यीस्ट थकलेलं असतं. भरताना बाटलीसाठीचं नवं कोरडं यीस्ट २० लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात भिजवून घाला. वायू (कार्बन डायऑक्साइड) बिअरच्या आकारमानाच्या २.२ पट हवा असेल आणि बिअर २० अंशांपर्यंत जाऊन आलेली असेल, तर तिच्यात सुमारे ०.८५ पट वायू आधीच असतो. उरलेल्यासाठी लिटरला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १०० ग्रॅम साधी साखर पुरते. हिशेबात भरण्याच्या दिवसाचं तापमान धरू नका, आंबवण संपल्यानंतर बिअरने गाठलेलं सगळ्यात वरचं तापमान धरा. साखर घालण्याआधी तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा घनता मोजा आणि तिन्ही आकडे सारखे आल्याशिवाय भरू नका. मानेत २ ते अडीच सेंटीमीटर जागा सोडा आणि वर आलेल्या फेसावरच झाकण दाबा. फेस हवा बाहेर ढकलतो. ऑक्सिजन शोषणारी झाकणं घ्या, पण त्यांची ताकद काही महिन्यांचीच असते. भरलेल्या बाटल्या तीन आठवडे २० अंशांवर ठेवा, एक उघडून वायू तपासा, मग गार जागी हलवा.

उघडताना

दोन दिवस आधी बाटली हलवाहलव न करता पिण्याच्या जागेजवळ उभी ठेवा. फ्रिजमधून थेट ओतू नका. १२ ते १४ अंश योग्य. ४ अंशांवर सुकी फळं, शेरी, टॉफी सगळं मुकं असतं आणि पाच वर्षं ज्यासाठी थांबलो तेच नाकापर्यंत येत नाही. झाकण काढल्यावर काचेची कड ओल्या कापडाने पुसा, तिथे गंज बसलेला असतो. जुनं बूच ठिसूळ होतं. तारेची जाळी काढल्यावर बूच धरून बाटली फिरवा, बूच फिरवू नका. तुटलंच तर स्क्रू लावून सावकाश काढा, बाटली कापडात धरून, कारण आत दाब असू शकतो.

ट्युलिपच्या आकाराचे पेले घ्या. बाटली तिरपी करा आणि एकाच धारेत सगळे पेले भरा. मध्ये सरळ केली की गाळ ढवळतो. तळाचे एक-दोन सेंटीमीटर बाटलीतच राहू द्या. ११ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत सुमारे ६५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, तेव्हा ती चौघांची बाटली आहे. वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखायच्या असतील तर तीन-चार वर्षं पुरे, प्रत्येकी ६० ते १०० मिली, आणि क्रम नव्याकडून जुन्याकडे. उलट केलं तर जुनीच्या मऊपणानंतर नवी उगाच कर्कश वाटते. पहिला घोट घेतल्यावर पेला वीस मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा वास घ्या. मुरलेली बिअर हवा लागल्यावर बदलते, आणि वहीतले गुण दुसऱ्या वासानंतर लिहायचे.